एकवटण्याचे गणित

उडीद, तूर किंवा कुळीथ पेरण्यापूर्वी बियाण्यास जंतुसंवर्धक लावण्याची पद्धत आता आपल्याकडील शेतकऱ्यांस अपरिचित नाही. पाकिटातील काळसर भुकटी गुळाच्या पाण्यात कालवायची, बियाण्यास हलक्या हाताने चोळायची, बियाणे सावलीत वाळवायचे आणि पेरायचे. पुढचे काम त्या भुकटीतील रायझोबियम नावाचे सूक्ष्मजंतू करतात. कोवळ्या मुळातून काही द्रव्ये मातीच्या ओलाव्यात झिरपत असतात. त्यांचा माग काढीत हे जंतू मुळापर्यंत पोहत जातात, तेथे गाठी धरतात आणि हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. त्यांना डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू तर नाहीच. तरी वाट सापडते.

त्याच शेताच्या वर पावसाळा सरल्यावर भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन दिसू लागतो. त्याच्या पश्चिमेस, साध्या दुर्बिणीतूनही दिसेल असा एक धुरकट ठिपका आहे. ज्योतिषशास्त्रज्ञ त्याला एम १५ म्हणतात. हा लाखाहून अधिक ताऱ्यांचा गोल गुच्छ असून त्याचा मध्यभाग स्वतःच्याच ओढीने आत कोसळून गेलेला आहे.

मातीतला जंतू आणि आकाशातला गुच्छ यांचा परस्परांशी संबंध काय, असे विद्यार्थी मित्र विचारतील. पदार्थ म्हणून पाहिले तर काहीच नाही. परंतु दोहोंचा विचार करताना कागदावर जे समीकरण उतरते ते जवळजवळ एकच आहे. ते कसे सापडले, किती हातांनी निरनिराळे सापडले, आणि त्याचे उत्तर 'अनंत' आले तेव्हा कोणी काय केले, याचा हा थोडा इतिहास आहे. त्यातील काही महत्त्वाची पाने मुंबई आणि पुणे येथे लिहिली गेली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

प्रारंभ पाण्यातील धुळीपासून करावा लागतो. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञास परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात अखंड थरथरताना दिसले. याचे कारण सांगण्यास १९०५ साल उजाडावे लागले. आइनस्टाइन यांनी त्या वर्षी आणि पोलंडचे मरियान स्मोलुखोव्स्की यांनी १९०६ मध्ये दाखवून दिले की, पाण्याचे अदृश्य रेणू कणाला चहूकडून धक्के देत असतात व त्यामुळे तो दिशाहीन भटकतो. अशा भटकण्यामुळे दाटीतले कण विरळ जागेकडे पसरत जातात. यालाच विसरण म्हणतात. स्मोलुखोव्स्की यांनी पुढे आणखी एक पाऊल टाकले. कणावर एखादी बाहेरची ओढही असेल, तर भटकणे आणि ओढ यांचा मिळून परिणाम काय होईल याचे समीकरण त्यांनी मांडले. हा माणूस १९१७ साली क्राकोव्ह शहरी अतिसाराच्या साथीत वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. ज्या समीकरणाने पुढे जंतूंची चाल मोजली गेली त्याचा कर्ता जंतूंनीच नेला, हा योगायोग मनाला चटका लावतो.

स्मोलुखोव्स्की यांच्या समीकरणात ओढ बाहेरून येत होती. ती कणांनीच एकमेकांवर लावली तर काय होईल? ताऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपोआपच उभा राहतो, कारण गुरुत्वाकर्षण म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाला ओढणे. १९०२ साली जेम्स जीन्स यांनी गणिताने सिद्ध केले होते की, वायूचा ढग एका मर्यादेपेक्षा मोठा असेल तर त्यातील उष्णतेचा दाब त्याला सावरू शकत नाही. जरा कोठे दाटी वाढली की तेथे ओढ वाढते, ओढ वाढली की आणखी दाटी होते, आणि ढग आत कोसळू लागतो. या लेखातील पुढच्या सर्व कथेचे बीज एवढेच आहे.

येथे आपल्या देशाचा एक तरुण या कथेत प्रवेश करतो. ३१ जुलै १९३० रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे एकोणीस वर्षांचे पदवीधर मुंबई बंदरातून इंग्लंडला निघाले. बोटीवरच्या रिकाम्या दिवसांत त्यांनी श्वेतबटू ताऱ्यांचे गणित मांडले व त्यातून एक विलक्षण गोष्ट निघाली. अशा ताऱ्याचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेले (आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात) तर त्याला सावरणारी कोणतीच शक्ती उरत नाही. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे सांगितले. त्याच सभेत सर आर्थर एडिंग्टन यांनी ते धुडकावून लावले. एडिंग्टन म्हणजे त्या काळचे ज्योतिषशास्त्रातील सर्वांत मोठे नाव. तारा अनंतापर्यंत कोसळत जाईल हे त्यांना इतके हास्यास्पद वाटले की, निसर्ग असे होऊच देणार नाही, गणितातच कोठेतरी खोट असली पाहिजे, असा त्यांचा निर्वाळा होता. सभेतील बहुतेकांनी त्यांचीच बाजू धरली. पुढे न्यूट्रॉन तारे व कृष्णविवरे यांचे ज्ञान वाढले आणि चंद्रशेखर बरोबर ठरले. नोबेल पारितोषिक मात्र १९८३ साली मिळाले.

ही कथा शाळांतून पुष्कळदा सांगितली जाते आणि तिचा अर्थ बहुधा एवढाच लावला जातो की, थोरामोठ्यांपुढे माघार घेऊ नये. अर्थ चुकीचा नाही. पण आमच्या मते तो अपुरा आहे. एडिंग्टन काही मूर्ख नव्हते. गणिताचे उत्तर अनंत आले की गणितावर संशय घ्यावा, हा त्यांचा नियम इतर शंभर ठिकाणी योग्यच ठरला असता. तो नेमका येथे चुकला, आणि असा नियम कोठे लागू पडतो व कोठे नाही हे आधी कसे ओळखावे, हाच खरा कठीण प्रश्न आहे. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

चंद्रशेखर वादात वेळ न दवडता दुसऱ्या विषयाकडे वळले. १९४३ साली त्यांनी ब्राऊन यांच्या थरथरणाऱ्या कणांवर आणि ताऱ्यांच्या भटकण्यावर एक प्रदीर्घ लेख प्रसिद्ध केला. पाण्यातील कणाला जसे रेणूंचे धक्के बसतात, तसे गुच्छातील ताऱ्याला जवळून जाणाऱ्या इतर ताऱ्यांचे हिसके बसतात, ही कल्पना त्यांनी नीट गणितात बसविली. तो लेख आजही वाचला जातो. ब्राऊन-स्मोलुखोव्स्कींचा धागा ताऱ्यांच्या धाग्याशी येथे पक्का गुंफला गेला.

आता तारकागुच्छ का कोसळतो ते पाहू. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकन अवकाश प्रयोगशाळा पृथ्वीवर पडली, तेव्हा भारतातही पुष्कळ धास्ती पसरली होती. तिचे तुकडे अखेर हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. अशा उपग्रहाचे एक वैशिष्ट्य आहे. विरळ हवेशी घासून त्याची ऊर्जा कमी होते, तो खाली येतो, आणि खाली येताना त्याचा वेग कमी होण्याऐवजी वाढतो! गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या वस्तूंचा हाच उलटा न्याय आहे. चुलीवरून उतरवलेले पातेले उष्णता देऊन थंड होते. तारकागुच्छाचा मध्यभाग उष्णता देऊन अधिक तापतो. अधिक तापला की बाहेरच्या थंड भागाला आणखी उष्णता देतो, आणि त्यामुळे आणखी आकसतो व आणखी तापतो. ज्याने खर्च केला म्हणजे शिल्लक वाढते असा हा व्यवहार कोणत्याही दुकानदाराला पटणार नाही. पण आकाशात तो चालतो.

हा व्यवहार नेमका कोठून हाताबाहेर जातो, याचे उत्तर १९६२ साली लेनिनग्राडच्या व्ही. ए. अँटोनॉव्ह यांनी दिले. बंद गोलातील ताऱ्यांच्या समूहात मध्यभागाची घनता कडेच्या घनतेच्या ७०९ पटींहून अधिक झाली की समतोल टिकत नाही. हा लेख लेनिनग्राड विद्यापीठाच्या नियतकालिकात रशियन भाषेत छापला गेला होता. १९६८ मध्ये इंग्लंडमधील डोनाल्ड लिंडन-बेल व रॉजर वुड यांनी या निष्कर्षाचा भौतिक अर्थ उलगडून त्याला 'गुरुत्व-औष्णिक महासंकट' अशा अर्थाचे नाव दिले, तेव्हा कोठे पश्चिमेकडे त्याचा बोलबाला झाला. मूळ लेखाचा इंग्रजी अनुवाद १९८५ मध्ये एका परिषदेच्या ग्रंथात आला. तेवीस वर्षे! आपली मुले एकच परकी भाषा शिकून सर्व ज्ञानाचे दार उघडले असे समजतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मुंबईचा संबंध येथे येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७२ पासून कोल्हापूरचे सुपुत्र प्रा. जयंत नारळीकर काम करीत होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तिरुअनंतपुरमहून आलेल्या थानू पद्मनाभन यांनी डॉक्टरेट मिळविली व त्याच संस्थेत ते अध्यापक झाले. १९८९ मध्ये पद्मनाभन यांनी अँटोनॉव्ह यांच्या निष्कर्षाची नव्याने व पुष्कळच सोपी मांडणी केली. १९९० मध्ये गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या कणसमूहांच्या सांख्यिकीवर त्यांचा विस्तृत लेख आला. जगभर या विषयात शिरणारे विद्यार्थी आजही त्या लेखाच्या दारातून आत जातात. एकमेकांना ओढणाऱ्या कणांना नेहमीचे उष्णतेचे नियम जसेच्या तसे का लावता येत नाहीत, हे त्यांनी अगदी दोन-तीन कणांच्या साध्या उदाहरणापासून समजावून दिले आहे. पुढे नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या 'आयुका' या संस्थेत ते १९९२ मध्ये गेले आणि १७ सप्टेंबर २०२१ रोजी पुण्यातच निवर्तले. नारळीकरांचे निधन २० मे २०२५ रोजी पुण्यात झाले. नारळीकरांचे नाव घरोघर पोहोचले, कारण त्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिले. पद्मनाभन यांचे काम मात्र महाराष्ट्रात होऊनही मराठी वाचकापासून दूर राहिले.

आता ताऱ्यांना क्षणभर बाजूला ठेवून जंतूंकडे येऊ. १८८० नंतरच्या दशकात विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने केसासारख्या बारीक नळीत मांसाचा अर्क भरला व ती जंतूंच्या पाण्यात बुडविली. जंतू नळीच्या तोंडाशी गोळा झाले. रासायनिक द्रव्याच्या दिशेने जाण्याच्या या क्रियेला रासायनिक अनुचलन म्हणतात. फेफर यांच्यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला. १९६६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ज्युलियस ॲडलर यांनी तो पुन्हा वर आणला. त्यांनी घेतलेला जंतू म्हणजे ई-कोलाय. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत ज्याचे नाव हमखास येते तोच. १९७२ मध्ये हॉवर्ड बर्ग व डग्लस ब्राऊन यांनी एकेका जंतूचा सूक्ष्मदर्शकाखाली पाठलाग केला. जंतू सुमारे एक सेकंद सरळ पोहतो, मग क्षणभर कोलांटी खातो आणि कोणत्याही नव्या दिशेने पुन्हा पोहू लागतो. वाटेत आवडीचे द्रव्य वाढत असेल तर कोलांटी जरा लांबणीवर टाकतो. बस, एवढेच! दिशा निवडण्याची अक्कल त्याला नाही. चांगले चालले आहे तोवर चालत राहायचे, इतक्या शिदोरीवर तो मुक्कामी पोहोचतो.

म्हणजे येथेही भटकणे आणि ओढ हे दोनच घटक झाले. कित्येक जिवांत तर ओढणारे द्रव्य ते स्वतःच सोडतात. डिक्टिओस्टेलियम नावाचा एक अमीबासारखा जीव मातीत जंतू खाऊन राहतो. खाणे संपले की हे हजारो एकांडे जीव एकत्र येतात आणि एका देहासारखे वागू लागतात. त्यांना बोलावतो कोण? काही पेशी म्होरक्या असतात आणि त्या इतरांना साद घालतात, असा जीवशास्त्रज्ञांचा समज होता. १९७० साली एव्हलिन फॉक्स केलर व ली सेगल यांनी या समजाला गणिताने शह दिला. म्होरक्याची गरजच नाही, असे त्यांनी दाखविले. प्रत्येक पेशी थोडे द्रव्य सोडते व अधिक द्रव्याकडे सरकते, एवढे धरले तरी पुरे. योगायोगाने कोठे चार पेशी जास्त झाल्या की तेथे द्रव्य वाढते, ते आणखी पेशींना ओढते, आणि समान पसरलेला समूह आपोआप गोळा होऊ लागतो. जीन्स यांच्या ढगाची हीच गोष्ट होती, फक्त गुरुत्वाकर्षणाच्या जागी वास आला! केलर या मूळच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनी. स्त्री म्हणून त्या विषयात आपल्याला किती उपेक्षा सोसावी लागली, हे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. आपल्या मुलींनी ते अवश्य वाचावे.

१९७३ साली विद्यानंद नंजुंडय्या यांनी हेच समीकरण पुढे नेले व असे सुचविले की, गोळा होणे कोठे थांबणारच नाही. सारा समूह एका बिंदूत जमेल. हे भारतीय शास्त्रज्ञ पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. १९८१ मध्ये चिल्ड्रेस व पर्कस यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. हे कोसळणे जागा किती मितींची आहे यावर अवलंबून आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

ही गोष्ट दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे, म्हणून थोडे थांबू. गोळा झालेल्या समूहाचा आकार निम्मा झाला असे समजा. दाटीमुळे बाहेर पसरण्याचा जोर दुप्पट होतो. आत ओढणारा जोर किती वाढतो? नळीसारख्या एका मितीच्या जागेत तो तेवढाच राहतो. म्हणून तेथे पसरणे जिंकते आणि समूह कधीच कोसळत नाही. घन जागेत, म्हणजे तीन मितींत, ओढ चौपट होते. म्हणून एकदा दाटी पुरेशी झाली की ओढीला रोखणारे कोणी नाही. बशीसारख्या सपाट पृष्ठभागावर मात्र ओढही दुप्पट आणि पसरणेही दुप्पट! आकार कितीही बदलला तरी दोघांची कुस्ती बरोबरीत. निकाल मग फक्त एकाच गोष्टीवर लागतो, समूहात एकूण किती जण आहेत यावर. २००४ साली फ्रान्समधील डोलबो व पर्थाम यांनी ही सीमा काटेकोरपणे सिद्ध केली. सोयीच्या एककांत मोजल्यास ती ८ गुणिले पाय, म्हणजे सुमारे २५.१३ इतकी येते. त्याहून कमी असतील तर सर्व पांगतात; अधिक असतील तर ठरावीक वेळात घनता अनंत होते.

बशीत हे प्रत्यक्षात दिसतेही. १९९१ मध्ये एलेना बुद्रेने व बर्ग यांनी ई-कोलायच्या वसाहती विशिष्ट खाद्यावर वाढविल्या. जंतूंनी स्वतःच एक ओढणारे द्रव्य सोडले आणि त्यांचे दाट ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे रांगेने उमटले. पण अनंत घनता? ती अर्थातच कोणाला दिसली नाही. जंतूची लांबी दोन मायक्रॉन असते, एकाच्या जागेत दुसरा मावत नाही. दाटीत प्राणवायू व खाद्य संपते, आणि द्रव्य फार झाले की जंतूला त्यातील चढउतार कळेनासा होतो. म्हणजे येथे एडिंग्टन यांचा नियम बरोबर ठरला. अनंत आले याचा अर्थ इतकाच की, समीकरणाने जे गृहीत धरले होते ते येथे संपले.

या दोन्ही वाटा एकाच गावाला जातात हे काही जणांनी १९९० नंतर ओळखले. २००२ पासून तुलूझ येथील पियेर-आंरी शावानीस आणि त्यांचे सहकारी यांनी तर ताऱ्यांचे व जंतूंचे गणित शेजारी शेजारी ठेवून पद्धतशीर तपासले. गुरुत्वाकर्षणाच्या जागी द्रव्याची दाटी लिहा, उष्णतेच्या जागी जंतूंचे भटकणे लिहा, आणि एकाची सिद्धता दुसऱ्यास लागू करा. आम्हांस यात एक गंमत वाटते. पाण्यात पोहणारा जंतू थांबला की तत्क्षणी थांबतो. त्याच्या आकाराला पाणी काकवीसारखे घट्ट असते. स्मोलुखोव्स्की यांच्या समीकरणात हेच गृहीत आहे. तारा मात्र पोकळीत निघाला की निघाला, त्याला थांबविणारे घर्षण नाही. तेव्हा भटकणे आणि ओढ यांचे हे समीकरण ताऱ्यांना ओढूनताणून बसते व जंतूंना अंगासरशी बसते. भौतिकशास्त्राने मापे घेतलेला सदरा असा जीवशास्त्राच्या अंगाला आला.

ताऱ्यांच्या बाजूस अनंताचे काय झाले? सुमारे १२ अब्ज वर्षे वयाच्या एम १५ सारखे गुच्छ तपासता असे आढळले की, आपल्या आकाशगंगेतील अशा गोल गुच्छांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याचा मध्यभाग कोसळलेला आहे. अँटोनॉव्ह यांचे संकट कागदावरचे नव्हते. तरीही सर्व तारे एका बिंदूत गेलेले नाहीत. मध्यभागी जोडतारे एकमेकांभोवती फिरतात, ते आपली ऊर्जा इतर ताऱ्यांना देतात आणि कोसळणे रोखून धरतात. २००२ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून एम १५ च्या केंद्राशी हजारो सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असावे असे मांडले गेले. पाठोपाठ दुसऱ्या गटाने संगणकावर हिशोब करून सांगितले की, तेथे विझलेल्या ताऱ्यांची, न्यूट्रॉन ताऱ्यांची व श्वेतबटूंची गर्दी असली तरी निरीक्षणे तशीच येतील. म्हणजे त्या ठिपक्याच्या मध्यभागी चंद्रशेखर यांचे अनंत आहे की नुसतीच दाटी आहे, याचा वाद अजून मिटलेला नाही.